शेपटाचे गणित

पदार्थाचे पार्टिशन फंक्शन हाती आले की मुक्त ऊर्जा, एन्ट्रॉपी, उष्माधारकता सगळेच त्यातून निघते. हलक्या अणूंच्या बाबतीत मात्र ते सहज हाती येत नाही. कमी तापमानाला हायड्रोजन किंवा हेलियम एका बिंदूवर ठरत नाही. फाइनमनच्या मांडणीत तो काल्पनिक काळात फिरून मूळ जागी परतणाऱ्या असंख्य वाटांवर पसरलेला असतो, आणि त्या वाटांची भारित बेरीज म्हणजेच पार्टिशन फंक्शन. बेरीज कशी करायची, यावर दोन घराणी पडली. एक वाटेचे तुकडे पाडून मणी ओवते, दुसरे वाटेलाच साइन लहरींची फूरिए मालिका मानते.

दुसऱ्या घराण्याचे बीज फाइनमन आणि हिब्ज यांच्या १९६५च्या पुस्तकात आहे. १९८४मध्ये डॉल आणि फ्रीमन यांनी त्याला माँटे कार्लोची जोड दिली आणि ते संगणकावर चालू लागले. मांडणी देखणी आहे. मुक्त कणासाठी लहरींचे सहगुणक परस्परांपासून स्वतंत्र असतात आणि त्यांचा सरासरी वर्ग लहरीच्या क्रमांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. नेमके इथेच घोडे पेंड खाते, कारण ही घट फार मंद आहे. १० लहरींवर थांबले तर पसाऱ्याचा सुमारे ६ टक्के भाग बाहेर राहतो, १०० घेतल्या तरी ०.६ टक्के. हत्ती गेला नि शेपूट राहिले म्हणावे, तर इथे शेपटालाच वजन!

म्हणून या पद्धतीची खरी कहाणी लहरींची नसून टाकून दिलेल्या लहरींची आहे. १९८५मध्ये डॉल, कोलसन आणि फ्रीमन यांनी शेपूट फेकून न देता त्याची गाउशियन सरासरी स्थितिज ऊर्जेत मुरवली. युक्ती अप्रतिम, पण लेनर्ड-जोन्स विभवाची अशी सरासरी काढू गेले तर ती अनंत होते, आणि निऑन वा हायड्रोजनच्या पुंजक्यांना तर तोच विभव वापरला जातो. मग अंदाजी दुरुस्त्या आल्या. २००२मध्ये प्रेडेस्कू आणि डॉल यांनी साइन मालिकाच सर्वोत्तम पाया असल्याचे दाखवले आणि भार बदलून शेपटाच्या सरासरीइतकीच अभिसरणाची गती कमी खर्चात मिळवण्याची वाट सुचवली. पुरेशा गुळगुळीत विभवासाठी चूक लहरींच्या संख्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. सिद्धांत इतका पक्का झाला, तरी गर्दी मण्यांकडेच राहिली.

याची कारणे गणितात कमी, कारागिरीत जास्त आहेत. १९९८मध्ये दिल्ली आयआयटीच्या चारुसीता चक्रवर्ती यांनी गोर्डिलो आणि सेपर्ली यांच्यासह दोन्ही पद्धती एकाच तराजूत घातल्या. ऊर्जा किती लवकर स्थिरावते आणि संगणकाच्या तेवढ्याच वेळात सांख्यिकीय चूक किती उरते, हे त्यांनी तपासले. मण्यांच्या बाजूला अणूंच्या जोडीची अचूक घनता मॅट्रिक्स आणि बहुस्तरीय नमुना-निवड अशी तयार हत्यारे होती. १९८०च्या दशकात अतिप्रवाही हेलियमवर ती वापरून झाली होती. फूरिएवाल्यांकडे तोडीचे काही नव्हते.

छोट्या रेणूंच्या बाबतीत मात्र फूरिए पद्धत शोभून दिसली. माँटे कार्लो सहसा गुणोत्तरेच देते. इथे संदर्भाला असलेल्या मुक्त कणाचे उत्तर आधीच अचूक ठाऊक असल्याने पार्टिशन फंक्शनची निरपेक्ष किंमत मिळते. १९९३मध्ये टॉपर, ट्रुलर आणि सहकाऱ्यांनी पाणी, जड पाणी, हायड्रोजन सल्फाइड आणि हायड्रोजन सेलेनाइड यांच्यासाठी क्वांटम वाफ-कोष्टके तयार केली ती याच बळावर. पण २०१५मध्ये मिल्के आणि ट्रुलर यांनी मिथेन हाताळला, तेव्हा त्रुटीचा हिशेब वाटेवरच्या बिंदूंच्या संख्येतच मांडला. म्हणजे हे अंगणही मण्यांनी व्यापले.

उलट मणीवाल्यांच्या घरात फूरिए केव्हाच शिरला आहे. बंद माळेची स्प्रिंग-ऊर्जा सुटी करायची तर तिचे फूरिए रूपांतरच करावे लागते. २०१०मध्ये चेरिओत्ती, पारिनेल्लो, मार्कलँड आणि मानोलोपुलोस यांनी सुचवलेल्या थर्मोस्टॅटमध्ये मण्यांच्या संवेगांचे असे रूपांतर होते आणि माळेच्या प्रत्येक कंपनाला त्याच्या वारंवारतेनुसार वेगळे घर्षण लावले जाते.