'जैवरेणू' या प्रकरणातून निसटलेले जीवन : एक चिकित्सा

प्रस्तावना

सजीव कशाचे बनलेले असतात, या प्रश्नाला अकरावीच्या विद्यार्थ्याला पहिले पद्धतशीर उत्तर मिळते ते 'जैवरेणू' या प्रकरणातून. एनसीईआरटीने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील हे नववे प्रकरण. महाराष्ट्र राज्य मंडळाचे पुस्तक स्वतंत्र असले, तरी नीट या प्रवेश परीक्षेतील ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असल्यामुळे सातारा व सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या हातीही हेच पुस्तक प्रामुख्याने राहिले. म्हणून एक शैक्षणिक संहिता या दृष्टीने या प्रकरणाची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते. प्रकरण काय सांगते, कोणत्या क्रमाने सांगते आणि ऊस, हळद व द्राक्षे यांच्या परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्यापर्यंत त्यातील काय पोहोचते, या तीन अंगांनी प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

प्रकरणाचे बलस्थान

या प्रकरणाचा आरंभ व्याख्येने होत नाही, कृतीने होतो, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू होय. सजीव ऊती ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लात घालून खलबत्त्यात वाटावी, गाळून घ्यावी आणि गाळीव द्रव व वर राहिलेला गाळ यांचे पृथक्करण करावे, असा मार्ग तेथे दाखविला आहे. आम्लात विरघळणाऱ्या भागात साधारणतः १८ ते ८०० डाल्टन रेणुभाराची लहान संयुगे सापडतात. न विरघळणाऱ्या भागात प्रथिने, केंद्रकाम्ले व बहुशर्करा हे महारेणू राहतात. स्निग्ध पदार्थांचा रेणुभार ८०० डाल्टनपेक्षा अधिक नसतो, तरीही ते गाळात सापडतात. ऊती वाटली जाताना पेशीपटलांचे तुकडे होऊन त्यांच्या पाण्यात न विरघळणाऱ्या सूक्ष्म पिशव्या बनतात व त्या गाळाबरोबर राहतात, हे त्याचे कारण. वर्गीकरण हे निसर्गाने आखून दिलेले नसून ते पद्धतीवर अवलंबून असते, हा मोलाचा बोध येथे सहज होतो. परंतु प्रत्यक्ष अध्यापनात हा बोध मागे पडतो आणि 'स्निग्ध पदार्थ महारेणू नाहीत' एवढे एकच वाक्य पाठ केले जाते.

मूलद्रव्यांची सारणी व उसाचे पान

प्रकरणातील पहिली सारणी पृथ्वीचे कवच आणि मानवी शरीर यांतील मूलद्रव्यांची तुलना करते. कवचात कार्बन वजनाने ०.०३ टक्के, तर शरीरात १८.५ टक्के, ऑक्सिजन अनुक्रमे ४६.६ व ६५ टक्के. सिलिकॉन कवचात २७.७ टक्के, तर शरीरात नगण्य. सजीवांत असे एकही मूलद्रव्य नाही की जे निर्जीव सृष्टीत नाही; फरक केवळ प्रमाणाचा व रचनेचा आहे, हा सारणीचा निष्कर्ष निर्विवाद आहे.

तथापि सारणीच्या शीर्षकात 'सजीव द्रव्य' असा व्यापक शब्द आहे आणि रकान्यात मात्र फक्त मानवी शरीर. या विसंगतीमुळे सजीवांना सिलिकॉनचे प्रयोजन नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. कराड किंवा वाळवा तालुक्यातील ज्या मुलाचे हात उसाच्या पाल्याने कापले आहेत, त्याच्यापाशी या समजाचे खंडन आधीच असते. ऊस जमिनीतून मोठ्या प्रमाणावर सिलिकॉन शोषून घेतो. सिलिकेच्या रूपाने ते पानात साठते आणि पानाच्या दातेरी कडेला धार येण्यामागे तेही एक कारण आहे. हा अनुभव वर्गात आणला, तर सारणी चुकीची ठरत नाही. तिची मर्यादा मात्र स्पष्ट होते.

नायट्रोजनाची गोष्टही अशीच आहे. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठारावर जांभ्या खडकावरील मातीचा थर पातळ व पोषकद्रव्यांच्या दृष्टीने दरिद्री आहे. तेथे दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती तग धरून आहेत. प्रकाशसंश्लेषणाने कार्बन त्यांना हवेतून मिळतोच. कीटकांपासून त्या मिळवितात तो मुख्यतः नायट्रोजन व फॉस्फरस. प्रथिने आणि केंद्रकाम्ले यांना नायट्रोजन किती अपरिहार्य आहे, हे यापेक्षा परिणामकारकपणे सांगणारा दाखला शोधूनही सापडणार नाही. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०१२ मध्ये समाविष्ट झालेले हे पठार विद्यार्थी फुले पाहण्यासाठी पाहतात. जैवरेणूंचा पाठ म्हणून ते क्वचितच पाहिले जाते.

परिभाषेचा प्रश्न

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावीत एकाएकी इंग्रजी परिभाषेला सामोरा जातो, ही अडचण सर्वज्ञात आहे. तिच्यातील एक पदर मात्र दुर्लक्षित राहिला आहे. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला नत्र, स्फुरद व पालाश हे शब्द खतांमुळे घरीच परिचित असतात. वर्गात तीच मूलद्रव्ये नायट्रोजन, फॉस्फरस व पोटॅशियम म्हणून अवतरतात आणि दोहोंची सांगड कोणीच घालून देत नाही. उसाला दिलेले नत्र पानातील प्रथिनांत जाते आणि स्फुरद डीएनएच्या कण्यात बसते, हे एक वाक्य शेत आणि वर्ग यांतील भिंत पाडू शकते.

साखरेचेही तसेच. तोडलेल्या उसाचे गाळप लांबले की उतारा घटतो, हे ऊसउत्पादकाला ठाऊक असते. उसाचा दर उताऱ्याशी निगडित असल्याने ते त्याच्या अर्थकारणाला भिडते. या घटीचे एक प्रमुख कारण म्हणजे इन्व्हर्टेज हे विकर. ते सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन करते आणि या शर्करा सुक्रोजसारख्या स्फटिकरूपाने हाती येत नाहीत. द्विशर्करा, ग्लायकोसिडिक बंध, जलीय विघटन व विकरक्रिया या चार संकल्पना या एका व्यवहारात सामावलेल्या आहेत. हळदीतील करक्युमिनचा उल्लेख तर प्रकरणात प्रत्यक्ष आहे, परंतु दुय्यम चयापचयजांच्या सारणीतील एक नाव एवढाच. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील विद्यार्थीही हे नाव पर्यायी उत्तर म्हणून लक्षात ठेवतो.

वगळलेले चार भाग

प्रकरणाची सर्वांत गंभीर हानी २०२२ च्या आशय-कपातीत झाली. घटकरेणूंना जोडणारे बंध, शरीरघटकांची गतिमान अवस्था, चयापचयाचा आधार आणि सजीव अवस्था हे चार भाग त्या वेळी वगळण्यात आले. महासाथीच्या काळातील अभ्यासभार हलका करणे हा हेतू समजण्यासारखा होता. परंतु निवड चुकली. यांपैकी अखेरच्या भागात प्रकरणाचा खरा निष्कर्ष होता. सजीवातील रेणू सतत घडतात आणि मोडतात, तरी त्यांची प्रमाणे टिकून राहतात. ही स्थिर अवस्था म्हणजे समतोल नव्हे. समतोलाला पोहोचलेली व्यवस्था कार्य करू शकत नाही आणि सजीव अखंड ऊर्जा खर्च करून तेथे पोहोचणे टाळत असतो. हा विचार गेल्यावर उरते ती रेणूंची यादी. सजीवाचे साहित्य सांगितले जाते, पण तो जगतो कसा, हे सांगितले जात नाही.

ही संकल्पना अवघड आहे, हा आक्षेप फारसा टिकत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी दिवसभर तीच असली, तरी पाणी तेच नसते. जेवढे येते तेवढेच पुढे जाते. काठावरच्या डबक्याची पातळीही तीच राहते, पण तेथे काहीच वाहत नसते. स्थिर अवस्था आणि समतोल यांतील भेद समजण्यास एवढा दृष्टान्त पुरेसा आहे.

समारोप

अखिल भारतीय पाठ्यपुस्तकाने प्रत्येक जिल्ह्याचे पीक व पठार नोंदवावे, ही अपेक्षा अवास्तव ठरेल. ती जबाबदारी अध्यापकाची आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या दडपणाखाली ती पार पाडणे कठीण असले, तरी अशक्य नाही. उसाच्या पानाला, खताच्या पिशवीला अथवा नदीच्या पातळीला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या 'कमवा आणि शिका' परंपरेने श्रम व शिक्षण परस्परांपासून दूर नाहीत, हे याच भूमीत दाखवून दिले आहे. त्या परंपरेच्या प्रदेशात शेतातले रसायन आणि पुस्तकातले रसायन परके राहावे, ही खेदाची बाब आहे. पदवीच्या प्रथम वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्याला वीस अमिनो आम्लांची नावे येतात, पण सजीव व निर्जीव यांतील रासायनिक भेद विचारल्यास तो गोंधळतो. वगळलेल्या भागांचे अध्यापन महाविद्यालयीन स्तरावर आवर्जून करणे, हाच या उणिवेवरील तातडीचा व हाती असलेला उपाय होय.