धूर की धूळ? : मोजमापाकडून अर्थाकडे जाताना

आज मी तीन अभ्यासशाखा एकत्र घेतल्या आहेत. एकीत आकाशातल्या सर्वांत जुन्या प्रकाशाचा अभ्यास होतो, दुसरीत माणसाच्या मेंदूचा आणि वर्तनाचा, तिसरीत इंटरनेटवरच्या धर्माचा. यांचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. विषयांचा नाही. पण तिघींमध्ये एक पायरी सारखी आहे, आणि लोक पडतात ते बहुतेक त्याच पायरीवर. काहीतरी मोजलं जातं, आणि मग त्या मोजलेल्याला एक नाव दिलं जातं. मोजणं बहुधा बरोबर असतं. नाव चुकतं.

ही पायरी आपल्याकडच्या नैयायिकांना चांगली ठाऊक होती. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हा दाखला तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्यापुढचे दोन दाखले मात्र वर्ग संपता संपता घाईत उरकले जातात. मीही तेच केलंय. पहिला असा : दिसला तो धूर नव्हताच, धुळीचा लोट होता. डोळ्याने काहीतरी खरोखर पाहिलं, पण त्याला धूर म्हटलं तिथे घोटाळा झाला. दुसरा दाखला व्याप्तीच्या दिशेचा. जिथे धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे ठीक नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठाय? तुमच्या गॅसच्या शेगडीवरही नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं, आणि या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. अनुमान पोखरणारी, लपून बसलेली अट. धूळ आणि ओलं सरपण, एवढ्या दोन गोष्टी आज लक्षात ठेवा.

आता दक्षिण ध्रुवावर जाऊ. तिथे बायसेप-२ नावाची दुर्बीण होती. विश्व साधारण 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश आजही सगळ्या दिशांनी आपल्याकडे येतो, सूक्ष्मलहरींच्या रूपात. त्या प्रकाशाच्या ध्रुवणात एक विशिष्ट पिळाचा नमुना सापडला, तर तो विश्वाच्या पहिल्या क्षणीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा असू शकतो. म्हणजे विश्व जन्मतःच प्रचंड वेगाने फुगलं, या इन्फ्लेशनच्या सिद्धान्ताला मोठाच आधार. 17 मार्च 2014 रोजी हार्वर्डमध्ये पत्रकार परिषद घेऊन जाहीर झालं की हा नमुना सापडला. या सिद्धान्ताचे एक जनक आंद्रेई लिंडे यांच्या दारावर थाप मारून एका सहकाऱ्याने ही बातमी दिली. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली, मीही पाहिली, आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर कागदावर मांडलेली गोष्ट आकाशात सापडली, हे ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा रोज बघायला मिळत नाही.

त्यांनी सांगितलेली खात्री पाच सिग्माच्या वर होती. इथे थांबू, कारण वर्तमानपत्रांनी इथेच गल्लत केली. पाच सिग्मा म्हणजे हा संकेत निव्वळ योगायोगाने, उपकरणातल्या गोंगाटातून आला असण्याची शक्यता लाखांत एकाहूनही कितीतरी कमी. ठीक. पण हा संकेत कोणाचा, या प्रश्नाला पाच सिग्मा उत्तर देत नाही. डोंगरावर काहीतरी करडं उठलंय याची पक्की खात्री, एवढंच ते सांगतं. तो धूर आहे हे सांगत नाही.

आणि ती निघाली धूळ. अक्षरशः धूळ, मी अलंकारिक बोलत नाही. आपल्या आकाशगंगेत धुळीचे अतिसूक्ष्म कण आहेत. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात ते एका दिशेने वळतात आणि त्यांच्याकडून येणारा प्रकाश ध्रुवित होतो. त्यातही तसाच पीळ असतो. बायसेप-२ प्रामुख्याने 150 गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर पाहत होती. एकाच रंगाचा चष्मा घातला की धूर आणि धूळ वेगळी काढणार कशी? युरोपच्या प्लँक उपग्रहाकडे अनेक वारंवारता होत्या. 353 गिगाहर्ट्झवर धूळ लख्ख दिसते. प्लँकचा नकाशा तेव्हा प्रसिद्ध झालेला नव्हता, म्हणून बायसेपच्या गटाने धुळीच्या आपल्या अंदाजांपैकी एक, प्लँकच्या कोणीतरी परिषदेत दाखवलेल्या एका स्लाइडवरून घेतला. मला या तपशिलाचं फार वाटतं. जगातलं इतकं नाजूक उपकरण, वर्षानुवर्षांची मेहनत, आणि धुळीचा हिशेब एका स्लाइडवरून!

पण पुढचं पाहा. मे महिन्यातच इतर संशोधकांनी दाखवलं की धूळ एवढी असू शकते की सगळा संकेत तिचाच निघेल. सप्टेंबरमध्ये प्लँकने त्या पट्ट्यातली धूळ मोजून दिली. आणि जानेवारी 2015 मध्ये दोन्ही गटांनी एकत्र बसून, एकमेकांची आकडेवारी उघडून, सांगितलं की आदिम गुरुत्वीय लहरींचा ठोस पुरावा यात नाही. अकरा महिने. याला काही लोक विज्ञानाची नाचक्की म्हणाले. मला ते पटत नाही. घाई नडली, पत्रकार परिषद नडली, हे खरं. पण धुळीला स्वतःचं मोजमाप होतं, ते दुसऱ्या कोणाच्या हातात होतं, आणि तो दुसरा तिसऱ्याच्या बाजूचा नव्हता. बाकीच्या दोन शाखांकडे हे सुख कितपत आहे, हाच माझा प्रश्न.

मेंदूकडे वळू. इथे आधी तो प्रसिद्ध मासा. 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा मेंदूचं चित्र घेणाऱ्या एफएमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि छायाचित्रातल्या माणसाला काय वाटत असेल ते सांगायला सांगितलं. आकडेवारीत एक नेहमीची दुरुस्ती केली नाही, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसते. लोक हसले, पुढे इग नोबेलही मिळालं. पण ही चूक तशी सोपी आहे. हा योगायोगाचा गोंगाट, दुरुस्ती केली की जातो. खोल चूक वेगळी आहे, आणि ती दिशेची आहे.

2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख आला. मोबाइल वाजताना पाहिला-ऐकला की माणसांच्या मेंदूत इन्सुला नावाचा भाग उजळतो, आणि हा भाग प्रेमाशी निगडित आहे, म्हणून तुम्ही तुमच्या आयफोनवर अक्षरशः प्रेम करता, असा लेखकाचा दावा. चाळीसहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी सही करून पत्र पाठवलं : अहो, हा भाग एकूण चित्रण-अभ्यासांच्या जवळजवळ एकतृतीयांशांत उजळतो! वेदनेत उजळतो, किळस आली तरी उजळतो. प्रेम असताना इन्सुला, हे मान्य करू. पण इन्सुला आहे म्हणून प्रेम? लोखंडाच्या गोळ्यातून धूर काढणं झालं हे. रसेल पोल्ड्रॅक यांनी 2006 मध्येच या उलट्या अनुमानावर सविस्तर लिहिलं होतं. त्यांना नैयायिक माहीत असण्याचं कारण नाही, पण मुद्दा तोच.

आता माझी स्वतःची चूक सांगायला हवी, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांच्या खिडकीत डोकावणं होईल. कॅनडातल्या लॉरेन्शियन विद्यापीठात मायकल पर्सिंजर एक शिरस्त्राण वापरत. माणसाला शांत खोलीत, डोळे झाकून बसवायचं, कानशिलांपाशी अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र सोडायचं. पुष्कळ जणांना आपल्याजवळ कोणीतरी आहे असं जाणवे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘गॉड हेल्मेट’ म्हटलं. मी कित्येक वर्षं धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला हा प्रयोग सांगत असे, आणि एका खास सुरात सांगत असे. साक्षात्कार म्हणजे काय, तर कानशिलाजवळचं लोहचुंबक! मुलं हसत. मला ते आवडे.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, चुंबक बंद ठेवून नुसतं शिरस्त्राण घातलेल्यांना काय वाटलं?” मला उत्तर माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं म्हणजे हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडायला हवा होता. देवाच्या बाजूने कोणी असा एखादा प्रयोग आणला असता, तर मी पहिला हाच प्रश्न विचारला असता. इथे निष्कर्ष माझ्या सोयीचा होता.

पुढे उत्तर वाचायला मिळालं. स्वीडनमध्ये उप्सालाच्या ग्रांक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 89 जणांवर तोच प्रयोग केला. चुंबक चालू की बंद, हे बसणाऱ्यालाही माहीत नाही आणि बसवणाऱ्यालाही नाही. चुंबकाचा परिणाम दिसला नाही. तीव्र आध्यात्मिक अनुभव तिघांनी सांगितला, त्यातले दोघे चुंबक बंद असलेल्या गटातले. अनुभवाशी संबंध दिसला तो माणूस सूचनेने किती प्रभावित होतो याचा. पर्सिंजर म्हणाले, त्यांनी उपकरण नीट वापरलं नाही. वाद चालू राहिला. पण त्याआधीही रिचर्ड डॉकिन्स यांना त्या शिरस्त्राणात फारसं काही जाणवलं नव्हतं, तेव्हा खुलासा आला होता की त्यांचा मेंदूच तेवढा संवेदनशील नाही. म्हणजे जाणवलं तर चुंबकामुळे, नाही जाणवलं तर मेंदूमुळे. असा हेतू हरूच शकत नाही, आणि जो हरू शकत नाही त्याच्या जिंकण्याला अर्थ राहत नाही.

एक लक्षात घ्या. उप्सालाच्या प्रयोगाने साक्षात्कार खरा ठरत नाही, खोटाही नाही. माझा वर्गातला विनोद तेवढा निराधार ठरतो. आपल्याकडे हे नीट कसं करायचं याचा नमुना होता, आणि तो एका खगोलशास्त्रज्ञाचाच. जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाने त्यातल्या 40 पाहून कोणती कोणाची ते सांगायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली, त्यांचं यश 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर 50 च्या आसपास आलं असतं. इथे धूळ किती, हे आधीच ठरलेलं होतं. ज्योतिषी जिंकू शकत होते. त्यांना तशी वाट ठेवली होती. मी माझ्या वर्गात कोणालाच ती ठेवली नव्हती.

तिसरी शाखा सर्वांत तरुण, आणि मला वाटतं, सर्वांत अवघड. 2000 साली ख्रिस्तोफर हेलंड यांनी एक भेद मांडला. एक, इंटरनेटवर धर्माविषयीची माहिती, म्हणजे संस्थेने सांगायचं, लोकांनी वाचायचं. दुसरा, इंटरनेटवरच घडणारा धर्म, जिथे लोक प्रार्थना करतात, विधी करतात. भेद सुटसुटीत होता आणि अभ्यासकांनी तो उचलून धरला. 2005 मध्ये खुद्द हेलंड यांनीच तो ढिला केला, कारण प्रत्यक्षात ही सीमा पुसट झाली होती. याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. आपलंच गाजलेलं वर्गीकरण पाच वर्षांत दुरुस्त करणारे फार नसतात.

2004 मध्ये इंग्लंडमध्ये ‘चर्च ऑफ फूल्स’ नावाचं त्रिमितीय आभासी चर्च सुरू झालं. पडद्यावर तुमची एक बाहुली, ती चालते, गुडघे टेकते, बाकावर बसते. एका दिवसात 41 हजारांच्या आसपास भेटी झाल्या. जागा मर्यादित, त्यामुळे बाकीच्यांनी भुतासारखं, कोणाला न दिसता हिंडायचं. टवाळखोर आले, वेदीपाशी शिवीगाळ केली, व्यवस्थापकांना त्यांना हाकलण्याची सोय करावी लागली. आता सांगा, 41 हजार कशाचे? उपासकांचे, बघ्यांचे, टवाळांचे? हा आकडा खरा आहे. पाच सिग्मासारखाच खरा, आणि तेवढाच मुका.

इथली धूळ कोण मोजणार? प्लँकसारखा दुसरा उपग्रह नाही. आज असे बहुतेक आकडे ज्यांच्याकडे असतात त्या कंपन्याच ठरवतात की किती सेकंद पाहिलं म्हणजे ‘पाहिलं’. आणि पुढे काय दिसावं हेही त्याच ठरवतात. ओलं सरपण त्यांचंच, चूलही त्यांचीच. मग एखादा प्रबंध येतो की अमुक लाख लोकांनी ऑनलाइन दर्शन घेतलं, म्हणून धार्मिकता वाढली. दुसरा येतो की देवळात न जाता पडद्यावर भागवलं, म्हणून धार्मिकता घटली. मी असे दोन्ही प्रबंध परीक्षक म्हणून वाचलेत. तक्ता दोघांचा जवळजवळ एकसारखा होता.

शेवटी आपल्या घरातलं उदाहरण. 2020 च्या आषाढीला वारी पायी निघाली नाही. पादुका मोजक्या लोकांसह एसटीच्या बसने पंढरपूरला नेल्या. बाकी सगळ्यांनी टीव्हीवर, मोबाइलवर पाहिलं. माझ्या शेजारच्या वहिनी, पस्तीस वर्षं दिंडीत चालणाऱ्या, त्या सकाळी आंघोळ करून, तुळशीपुढे दिवा लावून, मोबाइल पाटावर ठेवून बसल्या. मी विचारलं, “वहिनी, दर्शन झालं का?” त्या म्हणाल्या, “बघणं झालं. दर्शन कसलं, पाय कुठे दुखलेत माझे?” आणि त्यांची सून, जी कधीच वारीला गेली नव्हती, त्याच पडद्यापुढे बसून रडत होती. एकच मोबाइल. कंपनीच्या हिशेबात तो एक प्रेक्षक.

त्या दोघींत काय झालं हे मोजायचं असेल, तर त्या ओसरीवर जाऊन बसावं लागेल, दोघींना वेगवेगळं विचारावं लागेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागेल. मी पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. सुनेने हातातलं काम न थांबवता सांगितलं की तिला ते फारसं आठवत नाही.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या. चुंबक बंद ठेवून काय झालं, असे आले तर जास्त बरं.