स्माइथ अहवाल : प्रकटीकरण आणि गोपन

हिरोशिमावर अणुबाँब पडल्यानंतर सहाव्या दिवशी, १२ ऑगस्ट १९४५ रोजी, अमेरिकन शासनाने बाँबनिर्मितीचा इतिहास सांगणारा अहवाल प्रसिद्ध केला. प्रिन्स्टन विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हेन्री स्माइथ हे त्याचे लेखक. राष्ट्रीय धोरणाची अंतिम जबाबदारी नागरिकांवर असते आणि ज्ञानावाचून ती पार पाडता येत नाही, ही त्यांच्या प्रस्तावनेची भूमिका होय. परंतु ग्रंथारंभीच जनरल ग्रोव्ह्ज यांचे निवेदन आहे. परवानगीवाचून अधिक माहिती देणारा वा मिळविणारा हेरगिरीविरोधी कायद्याखाली कठोर शिक्षेस पात्र ठरेल, असे ते बजावते. विचाराचे आवाहन आणि जिज्ञासेस मनाई यांचे हे सान्निध्य अहवालाच्या अंतरंगातही आढळते.

अणुगर्भाचे विखंडन व साखळी प्रक्रिया यांचे विवेचन त्यात विस्तृत आहे. कारण त्यातील मूलतत्त्वे १९३९ पासून शास्त्रज्ञांना ज्ञात होती. बंदुकीप्रमाणे एक तुकडा दुसऱ्यावर डागण्याची कल्पनाही तेथे येते. मात्र नागासाकीवरील बाँबमध्ये प्लुटोनियमचा गोळा सभोवारच्या स्फोटकांनी आत दाबला जात असे. त्या पद्धतीचा निर्देश अहवालात नाही. एवढ्यापुरते गोपन समर्थनीय मानता येईल. अस्त्राच्या वापराची युक्तायुक्तता ठरविण्यास त्याच्या रचनेचे ज्ञान अपरिहार्य नसते.

खरी उणीव अखेरच्या प्रकरणात दिसते. अशा प्रश्नांवर शास्त्रज्ञांत कसून चर्चा झाली व निष्कर्ष वरिष्ठांकडे पोचविले गेले, पण सुरक्षिततेच्या निर्बंधांमुळे काँग्रेसला व जनतेला ती संधी लाभली नाही, हे स्माइथ मान्य करतात. ते निष्कर्ष कोणते, हे मात्र सांगत नाहीत. जेम्स फ्रँक यांच्या अध्यक्षतेखाली शिकागो येथील शास्त्रज्ञांनी जून १९४५ मध्ये सादर केलेल्या निवेदनात जपानवर अकस्मात प्रयोग करण्याऐवजी निर्जन प्रदेशी प्रात्यक्षिक दाखवावे, असे सुचविले होते. या सूचनेत बाँब बनविण्याचे कोणतेही रहस्य नव्हते. तरीही ते निवेदन लोकांपुढे आले ते १९४६ मध्ये, निर्णय अंमलात येऊन गेल्यावर.

तंत्राचे गोपन आणि निर्णयाचे गोपन हे दोन भिन्न विषय आहेत. पहिल्याच्या आवरणाखाली दुसरे सहज झाकले जाते. स्माइथ यांच्या अहवालाने नागरिकाला विज्ञानाचा उत्तम पाठ दिला; परंतु ज्या वादात त्याचे मत मोलाचे ठरले असते, तो वाद त्याच्या दृष्टीआडच राहिला.