‘अगाथा’ : घेतलेल्या नावाचा अर्थ

अगाथा ख्रिस्ती ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री घरातून नाहीशा झाल्या आणि १४ डिसेंबरला हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. तेथे त्यांनी ‘नील’ हे आडनाव नोंदविले होते. ते पतीच्या प्रेयसीचे. मायकेल ॲप्टेड यांचा ‘अगाथा’ (१९७९) हा चित्रपट या दिवसांचे कल्पित उत्तर देतो : त्या प्रेयसीच्याच हातून, तिच्या नकळत, आपला मृत्यू घडावा असा बेत नायिका रचते. व्हनेसा रेडग्रेव्ह यांच्या अभिनयातील मूक व्यथा खरी वाटते. कथानक मात्र तिला कोड्याचे साधन करते.

घेतलेले नाव केवळ लपण्यासाठीच असते काय? चांदूर बाजारनजीकच्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) स्वतःस ‘ज्ञानेश्वरकन्या’ म्हणवीत. त्या नावाने ते झाकले गेले नाहीत. त्यांचे नाते प्रकट झाले. भक्ती आणि मत्सर यांची जात निराळी. तथापि ‘नील’ या सहीतही एक तुटलेले नाते बोलतेच. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातही (१९७७) लेखिकेने या दिवसांविषयी मौन पाळले आहे. त्या मौनात केवळ कटाचा दुवा शोधल्यामुळे हा चित्रपट रहस्यकथा म्हणून पुरा होतो. चरित्र म्हणून उणाच राहतो.