'कोसला'तील 'उदाहरणार्थ' : सूत्राविना दृष्टान्त

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीच्या भाषेची चर्चा 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या दोन शब्दांपाशी हटकून येते आणि बहुधा तेथेच थांबते. हे शब्द म्हणजे पांडुरंग सांगवीकर या निवेदकाची लकब, त्याच्या बेफिकिरीची खूण, अलंकृत गद्याची त्याने उडवलेली रेवडी, असे सांगितले जाते. पुढे या शब्दांची जी अनुकरणे झाली तीही याच समजुतीतून झाली, आणि म्हणूनच ती निर्जीव राहिली.

या दोन शब्दांची जोडी लावली जात असली तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. 'वगैरे' मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि बोलीत इतका रुळला की त्याचे परकेपण कुणाला जाणवत नाही. 'उदाहरणार्थ' संस्कृत असूनही बोलण्यात परकाच राहिला. खानदेशात काय किंवा यवतमाळ जिल्ह्यातील वणी-पुसदकडे काय, गावातला माणूस दाखला देताना 'समजा' म्हणेल, 'जसं' म्हणेल. 'उदाहरणार्थ' त्याला भेटतो तो पाठ्यपुस्तकात, व्याकरणातील नियमाच्या खाली. खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात आलेला सांगवीकर हा शब्द उच्चारतो तेव्हा शिक्षणाने हाती दिलेली वस्तू तो वापरत असतो, आणि भलत्याच जागी वापरत असतो. कादंबरीच्या अगदी आरंभी स्वतःचे पंचवीस हे वय सांगतानाच तो हा शब्द मध्ये घालतो. वय हे कशाचे उदाहरण असू शकते?

हा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. न्यायशास्त्राच्या पंचावयवी वाक्यात उदाहरणाचे स्थान तिसरे आहे. आधी प्रतिज्ञा आणि हेतू, नंतर उपनय आणि निगमन. उदाहरण एकटे उभे राहू शकत नाही. मराठीला हीच शिस्त महानुभावांनी अधिक रसाळ रूपात दिली. केसोबासांच्या 'दृष्टान्तपाठा'त चक्रधरांचे सूत्र, त्याखाली दृष्टान्त आणि शेवटी केसोबासांचे दार्ष्टान्तिक अशी रचना ११४ वेळा येते. हत्ती चाचपणाऱ्या जात्यंधांची कथा सूत्र आणि दार्ष्टान्तिक काढून वाचली तर ती निव्वळ मौजेची गोष्ट उरेल. वऱ्हाडातील रिद्धपूर हे ज्या पंथाचे पीठ, त्या पंथाच्या गद्याशी नेमाड्यांच्या गद्याचे नाते समीक्षेने नोंदवले आहे. पण ते बहुधा आखूड वाक्ये आणि बोलीचा बाज यांपुरते. खरा धागा दृष्टान्ताच्या रचनेत शोधायला हवा.

'कोसला'त दृष्टान्त आहेत, सूत्र नाही. मेसचे सेक्रेटरीपण, उडवलेले पैसे, नापास होणे, गावी परतणे हे सारे कुठल्यातरी नियमाचा दाखला म्हणून सांगितले जाते, पण तो नियम निवेदकापाशी नाही. नियम असतात ते इतरांपाशी: पैसे पाठवणाऱ्या वडिलांपाशी, प्राध्यापकांपाशी, भाषणे करणाऱ्यांपाशी. त्यांच्या सूत्रांत बसायचे नाही आणि स्वतःचे सूत्र तर सापडत नाही, अशा माणसाला आपले आयुष्य कोणत्या वाक्यरचनेत सांगता येईल? 'मी असा आहे' हे विधान त्याला मोठे वाटते. मग तो 'उदाहरणार्थ' मध्ये घालतो आणि विधानाचा नमुना करून टाकतो. नमुना कशाचा, ते मात्र सांगत नाही. ही त्याची चलाखी आहे आणि तीच त्याची कोंडीही. अर्थात प्रत्येक ठिकाणी या शब्दावर एवढा भार टाकण्याचे कारण नाही. कित्येक जागी तो केवळ थट्टेसाठी येतो, आणि ती थट्टा फर्मास आहे.

सुधाकर मराठे यांचा 'ककून' हा इंग्रजी अनुवाद १९९७ साली आला. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नेणे सोपे. त्याला चिकटलेला तत्सम पाठ्यपुस्तकी वास नेणे जवळजवळ अशक्यच.

या शब्दाची कसोटी लागते ती मनीच्या मृत्यूपाशी. धाकटी बहीण देवीच्या साथीत जाते. साथ म्हटली की मृत्यू मोजले जातात आणि प्रत्येक मृत्यू साथीचे एक उदाहरण होतो. सांत्वनाची रीतही हीच असते: जन्मला तो मरणारच हे सूत्र आधी, आणि मेलेले माणूस त्याखालचा दृष्टान्त. सूत्र येथे आयते मिळत असते, शिवाय ते खरेही असते. तरी सांगवीकर ते घेत नाही. ज्या शब्दाने स्वतःचे आयुष्य त्याने नमुन्यादाखल मांडले, तो शब्द मनीला लावणे त्याला शक्य नाही, कारण मनी कशाचेच उदाहरण नाही. 'उदाहरणार्थ' ही नुसती लकब मानली तर पुण्यातील विनोदी भाग आणि मनीचा भाग या दोन वेगळ्या कादंबऱ्या ठरतात, आणि काही वाचकांनी त्या तशा वाचल्याही आहेत. त्या शब्दामागची सूत्राची रिकामी जागा ओळखली, की पुण्यातील हसण्यात ज्या गोष्टीला बगल दिली जात होती ती मनीच्या पानांवर समोर येऊन उभी राहते.