‘हिंदू विकासदर’ : एका विशेषणाची चिकित्सा

राष्ट्राच्या दारिद्र्यास धर्म जबाबदार आहे काय, या प्रश्नाचे उत्तर कधी कधी एखाद्या विशेषणातच दडलेले असते. १९५० नंतरच्या सुमारे तीन दशकांत भारताचे राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला सरासरी ३.५ टक्क्यांच्या आसपास वाढले. या मंदगतीस अर्थशास्त्रज्ञ राज कृष्ण यांनी १९७८ साली ‘हिंदू विकासदर’ असे नाव दिले. येथे विशेषण केवळ वर्णन करीत नाही. ते कारणही सुचविते, आणि सुचविलेल्या कारणास पुरावा द्यावा लागत नाही. १९८० नंतरच्या दशकात हा दर ५ टक्क्यांवर गेला. लोकांचा धर्म मात्र तोच होता. जे बदलले नाही ते बदलाचे कारण कसे ठरावे? बदलले ते १९५१ च्या कायद्यावर उभे असलेले उद्योग-परवान्यांचे धोरण. ते आधी सैल झाले व १९९१ साली बहुतांशी संपुष्टात आले.

याचा अर्थ धर्म सर्वस्वी निर्दोष आहे, असा नव्हे. जातिव्यवस्था व्यवसायबदलास मज्जाव करून बेकारी निर्माण करते, असे प्रतिपादन डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली केले. तेथे निर्बंध, त्याचे कार्य व परिणाम हे तिन्ही दुवे स्पष्ट आहेत. धर्मावर आरोप करावयाचा तर तो असा करावा. विशेषणाच्या आडून नव्हे.