चिक चॉकलेट आणि आपला अर्धा कान

कोथरुडातील एका सभागृहात मध्यंतरी जुन्या हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम झाला. 'अलबेला'तील एक गीत सुरू होताच, मूळ ध्वनिमुद्रिकेत जेथे ट्रंपेट कडाडतो, तेथे सिंथेसायझरवर बसलेल्या तरुणाने तो तुकडा बिनचूक वाजविला. निवेदकाने गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे मोठ्या अदबीने घेतली. परंतु वादकांची नावे घेण्याचा रिवाजच नसल्यामुळे, ज्यांच्या छातीतील हवेवर ते गीत उभे राहिले, ते त्या रात्रीही अनामिकच राहिले.

त्या वादकांचा अग्रणी चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 साली, बार्देशातील हळदोणे गावी. पोर्तुगीज अंमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकविले जाई. आणि हीच विद्या पोटापाण्याचा पेशा म्हणून बरोबर घेऊन कित्येक गोवेकर मुंबईच्या हॉटेलांत दाखल झाले. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला आणि अस्सल जॅझ मुंबईकरांच्या कानी पडले. चिक पुढे त्याच ताजमध्ये आपला वाद्यवृंद घेऊन वाजवू लागला आणि 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून मिरवला.

हा किताब गौरवाचा खरा, पण त्यातच त्याची मर्यादाही नोंदली गेली. नृत्यगृहातील श्रोत्यांना आर्मस्ट्राँग या अमेरिकन ट्रंपेटवादकाची हुबेहूब प्रतिमा हवी होती आणि चिकने ती त्याच्या हातरुमालासकट पुरविली. त्याची स्वतंत्र प्रतिभा पाहावयाची तर सी. रामचंद्रांच्या सहवासात पाहावी. विनायकबुवा पटवर्धनांच्या तालमीतून आलेला हा पुणतांब्याचा संगीतकार आणि हळदोण्याचा ट्रंपेटवादक एकत्र आले, तेव्हा 'समाधी' (1950) व 'अलबेला' (1951) या चित्रपटांत चालीचा ठसका आणि पितळी वाद्याची झेप यांचा असा मेळ जमला, की शिवण कोठे आहे ते सापडू नये. ट्रंपेटला खटके अवघे तीन. एकाच खटक्यावर निरनिराळे स्वर निघतात ते ओठांच्या ताणामुळे, आणि स्वर किंचित वाकविणे, ओढणे, दाबणे हेही ओठांचेच काम. म्हणजे पेटीला जी मींड साधत नाही, तिच्या जवळपास हे वाद्य जाऊ शकते. पट्टीवर बोट ठेवून ते साधणार कसे?

मात्र जॅझचा प्राण म्हणजे उपज, आणि तिला चित्रपटगीतात चारदोन मात्रांपलीकडे जागा नव्हती. 1949 च्या दारूबंदी कायद्याने मुंबईच्या नृत्यगृहांची रया गेली आणि वादकांना स्टुडिओच्या मेहनतान्यावर अवलंबून राहावे लागले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड या गोवेकर संगीत-संयोजकांनी चालींना वाद्यमेळाचा देह दिला. श्रेयनामावलीत मात्र त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. चिक 1967 साली वारला. 1978 पासून मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरू लागला आणि परदेशी वादक येऊन गेले. परंतु पुढे स्टुडिओतील पितळी वाद्यांची जागा विजेच्या पेटीने घेतली, तेव्हा हळहळणारे फारसे कोणी उरले नव्हते.

आज पुण्यात ट्रंपेट ऐकावयाचा तर विसर्जन मिरवणुकीतील किंवा लग्नाच्या वरातीतील बँडमध्ये. कर्वे रस्त्यावर वरात अडली, की आपण घड्याळ पाहतो. गालफडे फुगवून स्वर तोलणाऱ्या त्या माणसाकडे पाहत नाही. गवयाच्या एका तानेवर रात्रभर वाद घालणाऱ्या मराठी रसिकाजवळ या वाद्याच्या समीक्षेसाठी धड चार शब्द नाहीत. कला खालावली असे म्हणण्यापेक्षा, तिच्याकडे आपण अर्ध्या कानानेच लक्ष दिले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

निदान एवढे तरी व्हावे: पुढल्या कार्यक्रमात निवेदकाने संगीतकाराच्या नावापाठोपाठ वादकांची नावे घ्यावीत, आणि त्याने ती घेतली नाहीत, तर श्रोत्यांपैकी कोणीतरी उठून ती विचारावीत.